नळावरची रांग

पहाटे साडेचारला आईच्या खोलीतला दिवा लागतो. ती पंच्याऐंशीची आहे. आमच्या इमारतीत खाली जमिनीत टाकी आहे, गच्चीवर टाकी आहे, दोन पंप आहेत. पाण्यावाचून घरातला स्वयंपाक अडला, असं कित्येक वर्षांत झालेलं नाही. तरी ती उठते, मोरीत जाते, नळाखाली कळशी लावते आणि ती भरेपर्यंत उभी राहते. पूर्वी मी रागवायचे. आता तिचा तोल जातो, म्हणून मागे जाऊन उभी राहते.

त्या वेळात ती बोलते. दिवसभर फारशी बोलत नाही, पण तेव्हा बोलते. सहा नंबरवालीच्या सासूला दमा होता. कारवारवालीचा नवरा रात्रपाळीवरून पाच वाजता यायचा, म्हणून तिला पुढे जाऊ द्यायचं. कोपऱ्यातल्या बेनकडे सात माणसं आणि एकच पिंप. साठ वर्षांपूर्वीच्या बिऱ्हाडांचा हा हिशेब तिच्या डोक्यात अजून चोख आहे. सकाळी काय औषध घेतलं ते मात्र आठवत नाही.

आई १९५९ साली लग्न होऊन राजापूरकडून गोरेगावला आली. पश्चिमेला, स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर आमची बैठी चाळ होती. बावीस खोल्या आणि एक नळ. पाणी साडेचारला यायचं, सव्वापाचला जायचं. माहेरी विहीर होती, रहाट होता, पाणी हवं तेव्हा काढायचं. "मुंबईला नळाचं पाणी असतं," असं सांगून तिला स्थळ दाखवलं होतं, ही गोष्ट ती अजून न हसता सांगते.

गोरेगाव तेव्हा नुकतंच मुंबईत आलं होतं. जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंतची गावं १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. त्याआधी इथे ग्रामपंचायत होती, भातखाचरं होती, विहिरी होत्या. हद्द एका दिवसात बदलता येते, जलवाहिनी तशी येत नाही. आणि मला कायम सलत आलेली गोष्ट अशी, की पाणी आमच्या डोळ्यांसमोरच होतं. पूर्वेला आरेची कुरणं ओलांडून टेकड्यांमागे गेलं की विहार तलाव. १८६० सालापासून हा तलाव मुंबई शहराला पाणी पाजतो आहे. पलीकडे तुळशी. तानसा, वैतरणेचं पाणीही उपनगरांना वळसा घालून, त्यांच्या अंगावरून दक्षिणेकडे जायचं. फोर्टातल्या कचेरीत नळ सोडला की धो धो, आणि विहारच्या शेजारच्या बाईच्या हातात रिकामी कळशी.

या रिकाम्या कळशीतून एका बाईचं राजकारण उभं राहिलं. मृणाल गोरे.

त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की लोक पायऱ्या मोजायला लागतात. १९६१ साली मुंबई महापालिकेत नगरसेविका, १९७२ साली आमदार, १९७७ साली खासदार, १९८५ साली पुन्हा आमदार, मग विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्या. ही यादी खरी आहे, पण ती वाचून वाटतं की बाई नळापासून सुरू झाली आणि मग वर गेली. तसं झालं नाही, हे मला सांगायचं आहे. त्या नळापाशीच राहिल्या. तिथून त्यांनी सभागृहं बदलली.

त्या मूळच्या मोहिले. १९२८ सालचा जन्म. डॉक्टर व्हायला निघालेली हुशार मुलगी राष्ट्र सेवा दलात रमली आणि वैद्यकीय शिक्षण मध्येच सोडून पूर्णवेळ कामाला लागली. सेवा दलातल्याच केशव गोरे यांच्याशी १९४८ साली लग्न झालं. लग्न आंतरजातीय, साधं. 'बंडू गोरे' म्हणून लोक त्यांना ओळखत. दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड केलं आणि गावाच्या कामाला वाहून घेतलं: ग्रामपंचायतीचे प्रश्न, महिला मंडळ, समाजवादी पक्षाचं काम. १९५८ साली केशव गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीत होत्या, मुलगी लहान होती. आरे रोडवर आजही केशव गोरे स्मारक उभं आहे. मी शाळेत असताना तिथल्या सभागृहात वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले होते आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले होते. समोरच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी पुढचं बोलले.

तिशीत वैधव्य आलेल्या बाईसाठी त्या काळात ठरलेली वाट कोणती होती, हे वेगळं सांगायला नको. तीन वर्षांनी त्या महापालिकेत निवडून गेल्या. तेव्हा बायकांसाठी राखीव प्रभाग नव्हते. मुंबईला सुलोचना मोदींच्या रूपाने १९५६ साली पहिली महिला महापौर मिळाली होती, परळच्या गिरणगावातून अहिल्याताई रांगणेकर लढत होत्या, पण महापालिकेतल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्याच.

आई म्हणते, मृणालताईंना पहिल्यांदा पाहिलं ते व्यासपीठावर नाही, रस्त्यावर. हातात हंडे घेतलेल्या बायका, पुढे सुती साडीतली सडसडीत बाई, आणि घोषणा पाण्याच्या. त्या मोर्चात आई नव्हती. दाराआड उभी राहून बघत होती. तिला आश्चर्य वाटलं ते याचं, की आपण जे रोज पहाटे एकमेकींना ऐकवतो, ते ही बाई भर दुपारी सरकारला ऐकवते आहे.

इथे जरा थांबते, कारण मला वाटतं सगळं मर्म या रांगेत आहे.

नळावरची रांग म्हणजे काय असतं, हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना ती नुसती भांडणाची जागा वाटते. भांडणं होतच. झिंज्या धरल्या जात, हंडे फेकले जात. पण त्याच रांगेत रोज ठरलेल्या वेळी त्याच वीस-बावीस बाया एकत्र येत होत्या. पुरुषांच्या परवानगीशिवाय. पाणी भरायला जाऊ नको, असं कोणता नवरा म्हणणार होता? कोणाच्या घरी किती माणसं, कोण आजारी, कोणाचा पगार अडकला, कोणत्या रेशन दुकानात साखरेचं माप मारतात, हे सगळं तिथे उघड होतं. कोणाला आधी सोडायचं, कोणाला अर्धाच हंडा द्यायचा, बाळंतिणीच्या घरचं पाणी कोणी भरायचं, याचे न लिहिलेले नियम होते आणि ते पाळले जात. ही मुळात सभाच होती, फक्त तिला कोणी सभा म्हणत नव्हतं. रोजची हजेरी असलेली आणि न्यायाची बोली येणारी अशी सभा कोणत्याही पक्षाला पैसे देऊन जमवता आली नसती.

मृणालताईंनी या रांगेला मतदार म्हणून पाहिलं नाही, संघटना म्हणून पाहिलं. ही माझी समजूत आहे, पण आईच्या पिढीच्या बायका जे सांगतात त्यावरून ती पक्की झाली आहे. महापालिकेवर मोर्चा न्यायचा म्हटलं की निरोप्या लागत नसे. पहाटेच्या रांगेत एकीला सांगितलं की सव्वापाचपर्यंत साऱ्या चाळीला कळे, आणि सातपर्यंत शेजारच्या तीन वाड्यांना. हंडा तर घरातच होता. निशाण शिवावं लागलं नाही.

पाणी आलं ते एकदम नाही. आधी एकाचे दोन नळ झाले, मग वेळ वाढली, मग नव्या जलवाहिन्या पडल्या. झोपडपट्टीलाही पाणी मिळालं पाहिजे, हा आग्रह त्यांनी तेव्हापासून धरला. 'अनधिकृत' घरातल्या माणसाची तहानही अनधिकृत असते का, हा प्रश्न साठच्या दशकात ऐकून घ्यायला फार थोडे लोक तयार होते. लोकांनी त्यांना नाव दिलं 'पाणीवाली बाई'. आमच्याकडे दूधवाली असते, भाजीवाली असते, जी दारी येते आणि जिच्यावाचून घर चालत नाही ती. त्या रांगेत लोकांनी आपल्या नगरसेविकेला बसवलं. यापेक्षा मोठी पदवी मला सुचत नाही.

१९७२ साल मला स्वतःला आठवतं. मी नऊ वर्षांची होते. महाराष्ट्रात दुष्काळ होता, गावाकडून माणसं येऊन आमच्या चाळीच्या पडवीत झोपत होती. तेल, साखर, रवा, मैदा सगळंच महाग, रॉकेलला रांग, रेशनवर मिलो, म्हणजे लाल ज्वारी. मिलोची भाकरी लालसर व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. त्याच वर्षी मृणालताई आमदार झाल्या आणि त्याच सुमारास महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. पुरुषांच्या सभांत हे पक्ष एकमेकांची पिसं काढत होते. बायका मात्र एका फलकाखाली आल्या. तेलाचा भाव पक्ष बघून वाढत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

लाटणं मोर्चाच्या दिवशी आई निघाली. यावेळी ती दाराआड नव्हती. पण आमच्या घरात दोन लाटणी होती, एक आजीने दिलेलं शिसवी आणि एक चिरलेलं. तिने चिरलेलं उचललं. मी विचारलं तर म्हणाली, "पोलिसांनी काढून घेतलं तर उद्या पोळ्या कशाने लाटू?" हजारो बायका त्या दिवशी लाटणी उंचावत चालल्या. त्या गर्दीत किती जणींनी घरातलं जुनं लाटणं आणलं असेल, असा विचार माझ्या मनात हल्ली येतो. दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची सोय लावून ती लढायला गेली, याचा मला त्या लढ्याइतकाच अभिमान वाटतो. संध्याकाळी वडिलांनी पिठलं केलं. मिठाचा खडा जास्त पडला होता. कोणी काही बोललं नाही. पुढे थाळ्या बडवायची हाक आली, तेव्हा सगळ्या चाळीने दारात उभं राहून इतक्या थाळ्या वाजवल्या की माझ्या लहान भावाने कानांवर हात ठेवून रडायला सुरुवात केली.

मग आणीबाणी. मृणालताई भूमिगत झाल्या, काही महिन्यांनी पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकांतकोठडीत ठेवलं होतं. जवळच्या कोठडीत एक कुष्ठरोगी बाई आणि एक मन हरवलेली बाई, तिच्या दिवसरात्रीच्या किंकाळ्या. माणसाला मोडायचं असेल तर त्याला त्याच्या माणसांपासून तोडायचं, हे सत्तेला नेमकं कळतं. ज्या बाईचं सगळं बळ हजार बायकांच्या घोळक्यात होतं, तिला एकटं बसवलं गेलं. आमच्या चाळीत त्या दिवसांत त्यांचं नाव हळू आवाजात घेत. नळावर मात्र घेत. पाण्याच्या आवाजात बोलणं लांब ऐकू जात नाही.

१९७७ सालच्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. निकालाच्या रात्रीची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे: "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!" आम्ही मुलं ती गल्लीगल्लीतून ओरडत फिरलो. दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. घोषणा झकास होती यात शंका नाही. मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं आरोग्यमंत्रिपद मृणालताईंनी नाकारलं. दिल्लीच्या त्या वर्षांबद्दल आमच्याकडे फारशा आठवणी नाहीत, आणि आई म्हणते तेच मला पटतं: "दिल्ली लांब होती, बाई जवळची."

ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या दोन कामांपुढे मात्र मी आजही नतमस्तक होते.

पहिलं, गर्भलिंगनिदानाविरुद्धचं. मुंबईत तेव्हा गर्भजल तपासणीच्या जाहिराती लोकलच्या डब्यांतसुद्धा दिसत. माझ्या स्वतःच्या लग्नानंतर, पहिली मुलगी झाल्यावर, एका दवाखान्यात मला सहज सुचवलं गेलं होतं की पुढच्या वेळी "बघून घ्या". मी घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मृणालताईंनी याविरुद्ध विधानसभेत खासगी विधेयक मांडलं. बाहेर स्त्री संघटनांनी रान उठवलं होतंच. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, देशातला अशा प्रकारचा पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ साल उजाडलं. कधीकाळी डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने डॉक्टरकीचा एक दरवाजा असा बंद केला.

दुसरं, घरं. १९७६ सालच्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या मालकांच्या जादा जमिनी सरकारने घेऊन सामान्यांच्या घरांसाठी वापरायच्या होत्या. प्रत्यक्षात सवलतीच्या कलमातून जमिनी सुटत राहिल्या. मृणालताईंनी बाबूराव सामंत, प. बा. सामंत यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषद काढली आणि सरकारला त्याच्याच कायद्याची आठवण देत राहिल्या, रस्त्यावर आणि कोर्टातही. गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकाडावर शेवटी जमीन मिळाली आणि सहा हजारांहून अधिक घरं उभी राहिली. तिथे शिपाई, शिक्षिका, गिरणी कामगार, परिचारिका राहायला आल्या. माझी मावसबहीण तिथे गेली तेव्हा पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात स्वतःचा नळ आला. वास्तुशांतीला तिने त्या नळाला हळदकुंकू लावलं होतं. आजही बसच्या पाटीवर 'नागरी निवारा' वाचलं की मला आनंद होतो. त्यापुढच्या रस्त्यांवर उभे राहिलेले मनोरे आणि त्यांच्या किमती पाहिल्या की तो आनंद टिकत नाही. २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. आईला टॅक्सीतून त्यावरून नेलं तेव्हा तिने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "इथे खाली पूर्वी काय होतं गं?" मला सांगता आलं नाही.

त्याच वर्षीपासून मुंबई महापालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. शंभराहून अधिक नगरसेविका. १९६१ साली बोटांवर मोजता येणाऱ्या बायकांनी जे केलं, त्याच्या कितीतरी पट आता व्हायला हवं होतं. काही जणी खरोखर राबतात, मी त्यांना पाहिलं आहे. पण कितीतरी ठिकाणी कार्यालयाच्या पाटीवर बाईचं नाव आणि खाली मोबाईल नंबर नवऱ्याचा. लोक त्या बाईला दोष देतात, ते मला अन्यायाचं वाटतं. मृणालताई एकट्या नव्हत्या. त्यांच्या मागे रोज पहाटे भरणारी सभा होती. पाणी घराघरांत आलं, आणि ते यायलाच हवं होतं, पण त्याबरोबर ती सभा उठली. त्यांच्या यशानेच त्यांच्या राजकारणाची जागा मोडली. नंतर निवडून आलेल्या बाईला बोलवायला, अडवायला, सांभाळायला तशी रांग कोणी उभी केली नाही. आम्हीही केली नाही. माझी पिढी टाकीखाली वाढलेल्या मुलांची आई झाली आणि शेजारच्या दारामागे किती माणसं आहेत हे विसरली.

रांग अजून आहे, फक्त आमच्या दारात नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये, पाणी हक्क समितीने दाद मागितल्यावर, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. मृणालताई तेव्हा हयात नव्हत्या. २०२२ साली महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरणही आणलं. निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी दुपारी आमच्या भागातल्या एका वस्तीत नळजोडणीचे अर्ज भरायला जाते. पाच-दहा घरांनी मिळून अर्ज करायचा, आधार कार्ड जोडायचं, नकाशा काढायचा. एकदा अर्ज परत येतो तो सहीसाठी, मग पुन्हा येतो तो नकाशासाठी. तोवर त्या बायका टँकरचं पाणी पिंपाच्या भावाने विकत घेतात, आणि ज्यांना परवडत नाही त्या लांबच्या नळावर डब्यांची रांग लावतात. डब्यांवर ऑइलपेंटने नंबर घातलेले असतात. माणूस नसलं तरी डबा रांगेत उभा राहतो.

मी घरी आले की आई विचारते, "कोण कोण होतं रांगेत?" मी सांगते, अकरा अर्ज झाले, दोन परत आले. ती मान हलवते. तिने ते विचारलेलं नसतं. "कोणाच्या घरी किती माणसं? बाळंतीण आहे का कोणी?" मला माहीत नसतं. वर्ष झालं जातेय, मला त्या बायकांचे डब्यांवरचे नंबर ओळखीचे आहेत.

गेल्या शनिवारी आईने कळशी नळाखाली लावली, ती भरेपर्यंत गप्प राहिली आणि मग म्हणाली, "दुपारी कशाला जातेस? दुपारी बाया कामावर असतात."

तिथे पाणी रात्री पावणेबाराला येतं. येत्या शनिवारी मी तेव्हा जाणार आहे. आई म्हणते आहे, मलाही ने. तिला रिक्षातून न्यावं लागेल, आणि बसायला एक स्टूल. ती बसणार नाही, पण घेऊन ठेवते.